मशिदीखाली मशीद: पूर्व आफ्रिकेची किनारी शहरं कुणी वसवली?

केनियाच्या उत्तर टोकाला लामू बेटांचा एक घोळका आहे. त्यातल्या पाते नावाच्या बेटावर, तिवरांच्या रानाला लागून, शांगा नावाचं ओसाड गाव आहे. १४२५ च्या सुमारास माणसं ते सोडून गेली, ती पुन्हा आली नाहीत. आज तिथे दोनशेहून जास्त घरांचे दगडी सांगाडे आहेत, गावाबाहेर शेकडो थडगी आहेत आणि मधोमध जुम्मा मशिदीच्या भिंती. १९८० ते १९८८ या काळात मार्क हॉर्टन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं. मशिदीच्या फरशीखाली त्याने खणायला घेतलं तर खाली आणखी एक मशीद लागली. तिच्याखाली आणखी एक. असं करत तो तळाला पोचला तेव्हा तिथे ना दगड होता ना चुना. मातीत फक्त काळपट गोल डाग होते, ओळीने.

ते डाग म्हणजे खांब रोवल्याच्या खुणा. लाकडी खांब जमिनीत पुरला की भोवती माती ठोकून बसवतात. पुढे खांब कुजतो, नाहीसा होतो. पण त्याच्या जागी सैल, कुजकी, काळसर माती भरते आणि आजूबाजूच्या घट्ट मातीत तो गोल वेगळा उठून दिसतो. थापीने मातीचा एकेक पापुद्रा खरवडत गेलं की गोलांची रांग दिसते, रांगांचा चौकोन जुळतो आणि इथे कुडाची इमारत उभी होती हे कळतं. कुडाच्या भिंती, त्यावर मातीचं लिंपण, डोक्यावर झावळ्या. कोकणात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तळातली इमारत आठव्या शतकाच्या उत्तरार्धातली ठरली. म्हणजे पैगंबरांच्या मृत्यूला (६३२) जेमतेम दीडशे वर्षं होत होती.

पण चार खांबांच्या खळग्यांना मशीद म्हणायचं कशावरून? हा प्रश्न कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवा. उत्तर एका चौकोनात नाही, ओळीने आलेल्या सगळ्या चौकोनांत आहे. एकाच जागी इमारत पडली की तिच्यावर दुसरी, ती अपुरी पडली की थोडी मोठी तिसरी, मग माती-प्रवाळाची, मग इसवी सन १००० च्या आसपास पक्की दगडी. सगळ्यात वरच्या इमारतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा आहे, ती मशीद आहे यात शंकाच नाही. देवळाची जागा जशी पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही तशीच ही जागा हललेली नाही. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. सुरुवातीच्या लाकडी मशिदींची दिशा मक्केशी नीट जुळत नाही, पुढच्या बांधकामांत ती सुधारत जाते. बाहेरून कुणी जाणकार येऊन आखणी करून गेला असता तर पहिल्या फटक्यात दिशा बरोबर आली असती. इथे गावातल्याच लोकांनी, जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर, आपली छोटी प्रार्थनेची जागा बांधली असावी असं वाटतं.

या काळ्या डागांनी एक जुनी समजूत मोडली. ती कुठली, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

अडीच हजार किलोमीटरची गावं

सोमालियातल्या मोगादिशूपासून खाली केनिया, टांझानिया आणि मोझांबिकच्या सोफाल्यापर्यंत, शिवाय झांझिबार, पेंबा, कोमोरो अशा बेटांवर, मध्ययुगात शेकडो लहानमोठी मुसलमान गावं आणि शहरं होती. या पट्ट्यातल्या लोकांना आपण स्वाहिली म्हणतो. ‘साहिल’ म्हणजे किनारा, त्याचं अरबी अनेकवचन ‘सवाहिल’. म्हणजे स्वाहिली म्हणजे किनारकर. भाषेत अरबी शब्द भरपूर आहेत, पण तिचं व्याकरण आणि मूळ शब्दसंपत्ती बांटू कुळातली, अस्सल आफ्रिकी. आपल्याकडचेही काही शब्द तिने घेतलेत. पैशाला तिथे ‘पेसा’ म्हणतात.

हा सगळा संसार चालायचा वाऱ्यावर. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वारा वाहतो, त्याला स्वाहिलीत ‘कास्काझी’ म्हणतात. त्याच्या पाठीवर अरबस्तान, इराणचं आखात आणि हिंदुस्थानचा पश्चिम किनारा इथली गलबतं आफ्रिकेत उतरायची. एप्रिलनंतर वारा उलटतो, तो ‘कुसी’. त्यावर बसून परत. मधले काही महिने व्यापाऱ्याला बंदरात मुक्काम करण्यावाचून गत्यंतर नसे. मुक्काम म्हणजे घर हवं, जेवण हवं, माल ठेवायला विश्वासाचा माणूस हवा. त्यातून सोयरिकी जुळायच्या. या शहरांची अर्धी गोष्ट या सक्तीच्या मुक्कामात आहे.

माल काय? आफ्रिकेतून हस्तिदंत, सोनं, कासवाची पाठ, अंबर, तिवराचे वासे, आणि माणसं. बाहेरून कापड, काचेचे मणी, इराणी रांजण, चिनी वाडगे.

आता ती समजूत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रज अभ्यासकांचं साधारण मत असं होतं की ही दगडी शहरं अरबांनी किंवा इराण्यांनी वसवली, स्थानिक आफ्रिकी माणूस फार तर त्यात राबला. जेम्स कर्कमन याने १९४८ पासून केनियातल्या गेदी इथे उत्खनन केलं, नेव्हिल चिटिक याने १९६० च्या दशकात टांझानियातल्या किल्वा बेटावर. दोघंही कष्टाळू होते, त्यांच्या नोंदी आजही वापरल्या जातात. पण त्यांची नजर दगडी भिंतींवर आणि झिलईच्या चकचकीत खापरांवर होती. दगडी भिंत लागली की शहर सुरू झालं असं धरायचं. तिच्याखाली कुडाच्या घरांचे तीनशे वर्षांचे थर असतील हे लक्षात घ्यायला वेळ लागला.

या समजुतीला कागदाचाही आधार होता. किल्व्याची एक बखर आहे; तिचं अरबी हस्तलिखित उरलं आहे आणि सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज इतिहासातही तिचा गोषवारा आला आहे. तिच्यात म्हटलंय की इराणमधल्या शिराझच्या राजघराण्यातली माणसं सात गलबतं घेऊन निघाली आणि वेगवेगळ्या बंदरांत उतरली. त्यातला अली बिन अल-हसन किल्व्याला पोचला. तिथल्या मूळ राजाने बेटाची किंमत सांगितली: बेटाला वेढा पडेल इतकं कापड. अलीने तेवढं कापड दिलं आणि बेट घेतलं. बखर म्हटल्यावर ती कशी वाचायची हे मराठी माणसाला शिकवायला नको. तिच्यात घराण्याचा मोठेपणा असतो, मधूनच एखादी खरी गोष्टही असते, आणि कुठली खरी ते बखर सांगत नाही. बेटाभोवती कापड गुंडाळल्याची गोष्ट खरी असो वा नसो, या किनाऱ्यावर कापड हेच खरं चलन होतं एवढं त्यातून नक्की कळतं.

दगड जो आधी मऊ असतो

दगडी घरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा दगड आपल्या नेहमीच्या अर्थाने दगड नाही. तो प्रवाळ आहे. दोन प्रकारचा. एक, किनाऱ्यावर जमिनीत सापडणारा जुना, खडबडीत, भोकाभोकांचा. तो भिंतीत भरायचा. दुसरा समुद्रातून जिवंत कापून काढायचा, पोराइटीझ जातीचा. तो ओला असताना इतका मऊ की हत्याराने हवा तसा कोरता येतो आणि हवेत वाळला की टणक होतो. दाराची चौकट, कमान, मिहराबावरची नक्षी यासाठी हा. कोकणातला जांभा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हाने घट्ट होतो, तोच प्रकार, फक्त खाण समुद्रात.

चुनासुद्धा प्रवाळाचाच. लाकडांची गोल चिता रचायची, वर प्रवाळाचे तुकडे, आणि पेटवून द्यायची. भाजलेला प्रवाळ पाणी मारून मुरवत ठेवायचा, की भिंतीला आणि गिलाव्याला चुना तयार.

छपराला तिवराचे वासे. आणि इथे एक मजा आहे. तिवराचा सरळ वासा जेवढा लांब मिळतो त्यावर आठ-नऊ फुटांपेक्षा जास्त रुंद खोली छावता येत नाही. म्हणून घर कितीही श्रीमंताचं असो, खोल्या लांबलचक आणि अरुंद, एकामागे एक. पुढे ओसरीसारखी उघडी जागा आणि चौक, मग पाहुण्यांची खोली, आणि जितकं आत जावं तितकं घरच्यांचं. आतल्या भिंतींत छोटे कोनाडे, त्यात चिनी वाडगे मांडलेले. गेदीला तर घरांना नावंच सापडलेल्या वस्तूंवरून पडली आहेत, चिनी नाण्याचं घर, कात्रीचं घर. तिथे संडास आहेत, अंग धुवायची सोय आहे, विहिरी आहेत. एका थडग्यावर हिजरी ८०२, म्हणजे इसवी १३९९, हे साल कोरलेलं आहे, आणि बाकी सगळ्या गावाचा काळ लावताना तो एक पक्का खुंटा होतो.

घराघरांतून उठून दिसणारे ते चिनी वाडगे, निळसर झिलईची इराणी खापरं बघून कुणालाही वाटेल, गाव परदेशी लोकांचंच. पण खापरं नुसती बघायची नसतात, मोजायचीही असतात. मोजल्यावर कळतं की अशा गावांत परदेशी खापरं सहसा शंभरात चार-पाच. उरलेली पंचाण्णव बिनझिलईची, हाताने घडवलेली, त्रिकोणी रेघांच्या नक्षीची. आणि अशीच खापरं किनाऱ्यापासून आत, जिथे अरब व्यापारी फिरकलेही नसतील अशा खेड्यांतही मिळतात. सातव्या ते दहाव्या शतकात केनियापासून मोझांबिकपर्यंत एकाच घराण्याची मडकी वापरात होती. श्रीमंताच्या कोनाड्यात चीन होता, पण चुलीवर आफ्रिकाच होती. मडक्याचा प्रकार माणसं सहजासहजी बदलत नाहीत.

मुसलमान गाव ओळखायचं कसं

मशीद हा ढळढळीत पुरावा, पण लाकडी मशीद क्वचित सापडते. शिलालेख त्याहून क्वचित. झांझिबारमधल्या किझिमकाझी मशिदीत कुफी लिपीतला लेख आहे, हिजरी ५००, म्हणजे ११०७ सालचा. म्हणून बाकीच्या खुणा लागतात.

सगळ्यात भरवशाची खूण थडग्यात. मुसलमानाचं प्रेत उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे करून ठेवतात, सोबत वस्तू पुरत नाहीत. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, म्हणून इथल्या कबरी उत्तर-दक्षिण आणि डोकं उत्तरेला. शांग्याहून मक्का जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. म्हणून तिथे शरीर पूर्व-पश्चिम, डोकं पूर्वेला आणि तोंड उत्तरेला. नुसत्या सांगाड्याची दिशा मोजून आणि कुठल्या थरापासून दिशा बदलली हे बघून गावाचा धर्म कधी बदलला याचा अंदाज येतो.

दुसरी खूण उकिरड्यात. हाडं निवडायची: मासा किती, शेळी किती, गाय किती, रानडुक्कर आहे की नाही. तिसरी खूण नाण्यांत. शांग्याला नखाएवढी चांदीची नाणी मिळाली, मुसलमानी नावांची आणि तिथल्या तिथेच पाडलेली. १९८४ मध्ये पेंबा बेटाजवळच्या म्ताम्ब्वे म्कूऊ इथे तर दोन हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यात इजिप्तच्या फातिमी खलिफांचे थोडे सोन्याचे दिनारही होते, आणि त्यांच्यावर साल असतं. त्यामुळे ठेवा अकराव्या शतकातला हे ठरलं. स्थानिक नाण्यांवर साल नाही. एका बाजूला राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला देवावरच्या भरवशाची ओळ, आणि दोन्हींचं यमक जुळलेलं. त्यातलं एक नाव होतं अली बिन अल-हसन. बखरीतला कापडवाला अली. म्हणजे बखरीतली एक गोष्ट तरी खरी निघाली.

पण एक व्यापार मातीत जवळजवळ दिसतच नाही, तो माणसांचा. हस्तिदंताचे तुकडे राहतात, मणी राहतात, फुटका वाडगा राहतो. विकून दुसरीकडे नेलेल्या माणसाची त्याच्या गावच्या थरात कसलीच खूण उरत नाही. दक्षिण इराकच्या खारट जमिनींवर राबणाऱ्या ‘झंज’ गुलामांचं मोठं बंड ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षं चाललं. झंज हे अरबांनी पूर्व आफ्रिकेच्या माणसाला दिलेलं नाव. आफ्रिकेच्या बाजूने या व्यापाराबद्दल जे कळतं ते बहुतेक अशा कागदांतूनच. सुंदर कमानींबद्दल लिहिताना हे विसरलं जातं, म्हणून इथे मुद्दाम.

किल्व्याचं सोनं आणि मोगादिशूचं जेवण

या किनाऱ्यावरचं सगळ्यात श्रीमंत शहर किल्वा. दक्षिण टांझानियातलं हे बेट फार मोठं नाही, पण जागा मोक्याची. आजच्या झिम्बाब्वेच्या पठारावरचं सोनं सोफाल्याच्या बंदरात उतरायचं आणि किल्व्याच्या हातून उत्तरेला जायचं. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल-हसन बिन सुलेमान या सुलतानाने तिथली मोठी मशीद घुमट चढवून वाढवली आणि समुद्राकाठच्या कड्यावर हुसुनी कुब्वा नावाचा शंभराहून जास्त खोल्यांचा वाडा बांधायला घेतला. वाड्यात अष्टकोनी तलाव आहे, माल साठवायच्या खोल्यांनी वेढलेले चौक आहेत. म्हणजे राजवाडा आणि वखार एकाच छपराखाली. या सुलतानाचं एक तांब्याचं नाणं समुद्रापासून दूर, ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी अवशेषांत मिळालं आहे. किल्वा आणि शेजारच्या सोंगो म्नारा बेटाला १९८१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

याच सुलतानाच्या काळात, १३३१ मध्ये, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता किल्व्याला येऊन गेला. सुलतानाच्या दानशूरपणाचं त्याने कौतुक केलं आहे. शहर सुंदर आहे असं म्हणतो, आणि घरं लाकडाची असल्याचंही नोंदवतो. शहरातली बहुतेक माणसं काळी, चेहऱ्यावर व्रणांची नक्षी कोरलेली, असं त्याचं वर्णन आहे.

त्याआधी तो मोगादिशूला थांबला होता आणि तिथल्या जेवणाचं त्याने केलेलं वर्णन मराठी माणसाने वाचावं असं आहे. तुपात शिजवलेला भात, त्यावर कालवणं. दुधात शिजवलेली कच्ची केळी. शिवाय दही, लिंबाचं लोणचं, मिरीच्या घोसांचं लोणचं, आलं आणि आंबा. आंबा बघून तो म्हणतो, दिसतो सफरचंदासारखा पण आत कोय असते. आणि जेवणाआधीच्या आदरातिथ्यात पानसुपारी. तिथला सुलतान आपल्या गावची भाषा बोलायचा, पण त्याला अरबीही येत होतं. हे ताट मसाल्यांच्या वाटेने एकमेकांना जोडलेल्या बंदरांचं ताट आहे.

सामान्य माणूस मात्र रोज भात खात नसावा. किनाऱ्यावरच्या गावांच्या मातीतून जळके दाणे वेचून तपासले तर सुरुवातीच्या शतकांत ज्वारी आणि बाजरीचं प्रमाण मोठं दिसतं. तांदूळ, मूग, कापूस ही आशियाई पिकं त्या काळात कोमोरो आणि मादागास्करकडे जास्त. आपण ज्वारी-बाजरीची भाकरी म्हणजे अस्सल देशावरचं अन्न समजतो; पण ही दोन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली, साधारण चार हजार वर्षांपूर्वी भारतात आलेली. शांग्याची मशीद त्यापुढे कालची म्हणायची.

मग शहरं कुणाची?

शांग्याच्या काळ्या डागांनंतर वारं उलटं फिरलं. आधी म्हणायचे सगळं अरबांनी केलं. आता म्हणू लागले, सगळं इथल्यांनीच केलं, शिराझची गोष्ट म्हणजे मोठेपणा मिरवायला रचलेली वंशावळ. पुराव्यांचा मोठा भाग याच बाजूचा होता: स्थानिक मडकी, कुडाची घरं, भाषा, हळूहळू वाढत गेलेलं गाव.

मग २०२३ मध्ये जुन्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केनिया आणि टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या, साधारण १२५० ते १८०० या काळातल्या, ऐंशी माणसांची हाडं तपासलेली. त्यात म्ट्वापा, मांडा, किल्वा, सोंगो म्नारा अशा गावांतली थडगी होती. डीएनएत काही भाग फक्त आईकडून येतो आणि काही भाग फक्त बापाकडून मुलाकडे. आईकडचा धागा बहुतेकांचा आफ्रिकी निघाला. बापाकडचा धागा अनेकांचा नैऋत्य आशियातला, त्यातही इराणकडचा. थोडा भारतीय अंशही दिसला. आणि ही सरमिसळ सुरू झाली ती इसवी १००० च्या सुमारास. पुढच्या शतकांत अरबस्तानाचा अंश वाढत गेला.

म्हणजे शिराझची गोष्ट निव्वळ थाप नव्हती. इराणी पुरुष खरोखर आले आणि त्यांनी इथल्या बायकांशी संसार मांडले. पण तारखा शेजारी ठेवून बघा. शांग्याची पहिली लाकडी मशीद आठव्या शतकातली, सरमिसळ दोनशेहून जास्त वर्षांनंतरची. गाव होतं, मशीद होती, मडकी होती. त्या गावात जावई म्हणून परदेशी आले. आणि त्यांची मुलं फारसी बोलली नाहीत, स्वाहिली बोलली. घरात कुणाची भाषा चालली यावरून घर कुणाचं हे कळत असेल, तर उत्तर सोपं आहे. शिवाय तपासलेली हाडं बहुतेक शहरातल्या बड्या लोकांच्या कबरींतली. कुडाच्या घरातला कोळी त्यात फारसा नाही.

चौल

आता आपल्या दारातली गोष्ट. दहाव्या शतकात अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी-लेखक हिंदी महासागरात फिरत होता. ९१६ च्या आसपास तो ‘सैमूर’ला होता, म्हणजे रायगड जिल्ह्यातलं आपलं चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं तो लिहितो: सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला. वरचा राजा राष्ट्रकूट, स्थानिक सत्ता शिलाहारांची. हाच माणूस त्याच सुमारास आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कंबलू बेटालाही गेला होता. हे बेट बहुधा पेंबा. तिथले मुसलमान झंजांची भाषा बोलतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आणि हेही की झंजांच्या देशातलं हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात आणि चीनमध्ये जातं, कट्यारींच्या आणि तलवारींच्या मुठींसाठी.

या वाटेवरून परत काय गेलं ते चौलच्या मातीतून कळलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी चौलला उत्खनन केलं. तिथले काचेचे मणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरचे मणी एकत्र तपासून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पद्धत अशी: मण्यावर लेझरचा एक सूक्ष्म टोचा मारायचा, डोळ्याला दिसणारही नाही एवढा, आणि उडालेल्या कणांतली मूलद्रव्यं मोजायची. काच वाळूची होते आणि प्रत्येक ठिकाणच्या वाळूत युरेनियम, बेरियम असल्या मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं. त्यामुळे काचेला तिच्या मूळ गावाचा एक वास चिकटलेला असतो म्हणा ना. चौलच्या आणि केनियाच्या मण्यांत एक गट तंतोतंत जुळणारा निघाला: ॲल्युमिना भरपूर असलेली, भारतीय पद्धतीची सोडा काच. शांग्यालाही भारतीय धाटणीचा ब्राँझचा सिंह मिळाला आहे, मुठीत मावेल असा.

पुढे १५०५ मध्ये पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा हिंदुस्थानकडे येता येता किल्व्याला उतरला आणि त्याने शहर लुटलं, मग मोंबासा जाळलं. तीन वर्षांनी त्याचा मुलगा लॉरेन्सो चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना मारला गेला. वाट तीच, फक्त तिच्यावर आता तोफा आल्या होत्या.

ते मणी तांबडे, पिवळे, हिरवे, काळे असतात, बरेचसे मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे. गावात उत्खनन करताना माती पाटीत भरून जाड जाळीच्या चाळणीवर टाकली तर वाडग्याचं खापर वर राहतं आणि मणी मातीबरोबर खाली पडतो. ज्वारीचा जळका दाणाही. म्हणून हल्ली तिथे माती पाण्यात कालवतात, वर तरंगलेला कोळसा आणि दाणे फडक्यावर गाळून घेतात, आणि तळाचा गाळ बारीक जाळीवर धुऊन, सावलीत वाळवून, चिमट्याने निवडतात. एका पाटीला अर्धा दिवस सहज जातो.